नोटीस-फलकावर टांगलेले स्वातंत्र्य

खानदेशातील सुशिक्षित घरांत अलीकडे एक तक्रार वारंवार कानी येते. मुलगा शिकायला म्हणून जर्मनीला किंवा अमेरिकेला गेला, तेथेच नोकरीला लागला, तेथील एका मुलीशी त्याचे जमले आणि आता दोघे नोंदणी पद्धतीने विवाह करणार आहेत, तोही तिकडेच. दारात मांडव पडणार नाही, हळद लागणार नाही, भाऊबंदांच्या पंगती उठणार नाहीत. मुलीच्या बाबतीत असे घडले तर सूर बदलतो. मग ती नुसती तक्रार राहत नाही, घराण्याच्या अब्रूची गोष्ट होते. परंतु या सगळ्या उसाशांत एक साधा प्रश्न कोणी विचारीत नाही. वयात आलेल्या, कोणाशी विवाहबद्ध नसलेल्या भारतीय नागरिकाला आपला विवाह आपल्या जिल्ह्याच्या ठिकाणी, आपल्याच संसदेने केलेल्या निधर्मी कायद्याखाली करणे सोपे का वाटू नये? जळगावच्या किंवा धुळ्याच्या विवाह अधिकाऱ्याचे दार त्याला कोपनहेगनपेक्षा दूर का वाटावे?

‘तिकडची हवा लागली’ हे या प्रश्नाचे सोयीस्कर उत्तर आहे. खरे उत्तर १९५४ च्या विशेष विवाह कायद्याच्या पाचव्या, सहाव्या आणि सातव्या कलमांत आहे.

हा कायदा मुळात थोर आहे, हे आधी मान्य केले पाहिजे. जात, धर्म, प्रांत यांची विचारपूस न करता कोणत्याही दोन व्यक्तींना तो विवाहाचा अधिकार देतो. परदेशी नागरिकालाही त्यात मज्जाव नाही. वराचे वय २१, वधूचे १८, दोघांपैकी कोणाचा जोडीदार हयात नसावा, दोघेही संमती देण्याच्या मनःस्थितीत असावेत आणि नाते निषिद्ध पायरीतले नसावे, एवढ्याच त्याच्या अटी आहेत. भटजी नको, काजी नको, पाद्री नको. अधिकाऱ्यासमोर आणि तीन साक्षीदारांसमोर एकमेकांचा स्वीकार केल्याचे एक वाक्य उच्चारले की विवाह पूर्ण होतो. ज्या देशात लग्न म्हणजे जातीचा पहारा आहे, त्या देशात याहून क्रांतिकारक वाक्य सरकारी कागदावर क्वचितच छापले गेले असेल.

पण त्या वाक्यापर्यंत पोचायचे कसे? दोघांपैकी एकाने त्या जिल्ह्यात किमान ३० दिवस राहिले पाहिजे. मग विवाह अधिकाऱ्याला लेखी नोटीस द्यायची. त्या नोटिशीची प्रत कार्यालयात ठळक जागी लावायची आणि आणखी ३० दिवस थांबायचे. त्या मुदतीत ‘कोणीही’ हरकत घेऊ शकतो. कायद्याचा शब्द खरोखरच इतका मोकळा आहे: आई-बाप नव्हे, पहिली पत्नी नव्हे, कोणीही. हरकत आली की चौकशी. चौकशीला आणखी ३० दिवसांपर्यंत वेळ. आणि जळगाव सोडून पुण्याला खोली घेऊन राहिले तरी सुटका नाही, कारण अर्जदाराचे कायमचे वास्तव्य ज्या जिल्ह्यात असेल त्या जिल्ह्याच्या विवाह अधिकाऱ्याकडे नोटिशीची प्रत धाडून ती तेथेही लावावी, असे सहावे कलम सांगते. म्हणजे घरातून जीव मुठीत धरून निघालेल्या मुलीचे नाव, वय, पत्ता सरकार स्वतःच्या टपालखर्चाने तिच्या गावाकडे परत पाठवते. कार्यालयातील कारकुनाला दोष देण्यात अर्थ नाही. नोटीस प्रसिद्ध न करता जाणूनबुजून विवाह लावून दिला तर अधिकाऱ्यालाच एक वर्षापर्यंत साध्या कैदेची तरतूद याच कायद्यात आहे.

आता याच्या शेजारी दुसरे चित्र ठेवावे. तेच दोघे जर हिंदू असतील आणि देवळात जाऊन सप्तपदी घालून आले, तर कोणतीही पूर्वसूचना नाही, फलक नाही, ३० दिवस नाहीत. लग्न आधी, नोंदणी मागाहून. आणि ती नोंदणी गावातल्या गावात ग्रामसेवकाकडेही होऊ शकते. निकाहाला अशी नोटीस नाही. धर्माच्या दारातून जाणाऱ्यावर राज्याचा विश्वास आहे. राज्यावर विश्वास टाकणाऱ्यावर मात्र राज्याचा संशय आहे. निधर्मी म्हणविणाऱ्या प्रजासत्ताकाने आपल्या नागरिकांना दिलेला हा संदेश किती विपरीत आहे, याचा विचार विधिमंडळात आणि संसदेत बसलेल्या किती पुरोगाम्यांनी केला?

परिणाम डोळ्यांसमोर आहे. चोपड्याची, पाचोऱ्याची, शिरपूरची जोडपी एस.टी.त बसून आळंदीला जातात. तेथे एका दिवसात लग्न लागते, भटजी मिळतो, हार मिळतात, छायाचित्रकार मिळतो, कागदपत्रांची व्यवस्था करणारा मध्यस्थही मिळतो, आणि प्रत्येकाचा दर वेगळा. ज्या ज्ञानदेवांच्या आई-वडिलांना आणि भावंडांना धर्मपीठाने शुद्धिपत्रासाठी हिंडविले, त्यांच्या समाधीच्या गावी आज कायद्याने नाडलेली जोडपी धर्माचा आसरा घेतात. जोडपे भिन्न धर्माचे असेल तर तोही मार्ग बंद. मग दोघांपैकी एकाने धर्म बदलायचा, आणि तो बदलला की सक्तीच्या धर्मांतराची आवई उठवायला लोक तयारच असतात. धर्मांतराविना विवाह व्हावा असे ज्यांना प्रामाणिकपणे वाटते, त्यांनी तर ही नोटीस रद्द करण्यासाठी पहिल्या रांगेत उभे राहायला हवे. ते तसे राहत नाहीत, यावरून त्यांची हरकत धर्मांतराला आहे की विवाहालाच, हे उघड होते.

ही नोटीस आली कोठून? चर्चमध्ये रविवारी नियोजित विवाहाची घोषणा करण्याची इंग्लंडची जुनी चाल होती. तीच सरकारी वेष धारण करून १८७२ च्या कायद्यातून हिंदुस्थानात आली. केशवचंद्र सेन आणि ब्राह्मो समाजाच्या आग्रहातून झालेल्या त्या कायद्याने विवाहेच्छूंकडून ‘आम्ही हिंदू नाही, मुसलमान नाही, ख्रिस्ती नाही’ असे लिहून घेतले. १९२३ मध्ये हरिसिंग गौर यांच्या प्रयत्नाने हिंदू, बौद्ध, शीख आणि जैन यांना आपसात विवाह करताना ही नाकबुली देण्याची गरज उरली नाही, मात्र एकत्र कुटुंबातून बाहेर पडण्याची किंमत चुकवावी लागली. परंतु ध्यानात घेण्याजोगी बाब दुसरीच आहे. परकीय सरकारच्या १८७२ च्या कायद्यात नोटिशीची मुदत १४ दिवस होती. स्वतंत्र भारताच्या संसदेने १९५४ मध्ये ती ३० दिवसांवर नेली. गोऱ्या साहेबाला सनातन्यांची जितकी भीती वाटत होती, तिच्या दुपटीहून अधिक ती आपल्या लोकप्रतिनिधींना वाटली.

त्या मधल्या काळातले एक प्रकरण खानदेशाच्या शेजारचेच आहे. इंदूरचे तुकोजीराव होळकर गादीवरून पायउतार झाल्यावर नॅन्सी मिलर या अमेरिकन युवतीशी विवाह करू इच्छित होते. १९२८ च्या मार्चमध्ये नाशिकला शंकराचार्य डॉ. कुर्तकोटी यांच्या हस्ते तिला हिंदू धर्मात घेण्यात आले, शर्मिष्ठा हे नाव देण्यात आले, आणि मग बडवाह येथे विवाह झाला. गादी सोडलेला राजादेखील परदेशी स्त्रीशी विवाह करताना आधी धर्मपीठाच्या आणि जातीच्या उंबरठ्यावर थांबला. आज कोणी म्हणेल की ते दिवस गेले. उंबरठा तेवढा बदलला, थांबणे राहिले.

परदेशात काय घडते ते पाहावे. डेन्मार्कने २०१९ पासून परदेशी जोडप्यांच्या अर्जांची तपासणी एका मध्यवर्ती कार्यालयाकडे सोपविली. कागदपत्रे तपासून ते कार्यालय प्रमाणपत्र देते, ते ४ महिने चालते, आणि त्या मुदतीत कोणत्याही नगरपालिकेत विवाह लावता येतो. जर्मनीत अडकलेली कितीतरी जोडपी त्यासाठी सीमा ओलांडून जातात. न्यूयॉर्क राज्यात परवाना मिळाल्यावर थांबावे लागते ते २४ तास. तेथे तपासणी होत नाही असे नाही. आधीचा विवाह आहे का, वय काय, ओळख खरी का, हे सारे बारकाईने पाहिले जाते. फरक एवढाच की तपासणी सरकार स्वतः करते; ते काम शेजाऱ्यापाजाऱ्यांवर सोपवीत नाही.

परदेश म्हणजे स्वर्ग नव्हे, हेही सांगितले पाहिजे. जर्मनीच्या विवाह कार्यालयाला विवाहास कायदेशीर अडसर नसल्याचा दाखला हवा असतो. भारताकडून तसा दाखला मिळत नाही म्हणून वरिष्ठ न्यायालयाच्या अध्यक्षांकडून सूट मागावी लागते. भारत २००५ मध्ये दस्तऐवज-प्रमाणनाच्या हेग करारात सामील झाला, पण जर्मनीने भारताच्या बाबतीत हरकत घेतली. त्यामुळे जामनेरच्या जन्मदाखल्यावर दिल्लीचा शिक्का असूनही जर्मन वकिलातीने नेमलेला वकील तो दाखला नव्याने पडताळून पाहतो. इंग्लंडमध्येही नोटीस आहे. २०१५ पासून तिची मुदत २८ दिवस आणि परकीय नागरिकांच्या बाबतीत ७० दिवसांपर्यंत जाऊ शकते. तेथे संशय परदेशातून आलेल्या माणसावर, विशेषतः काळ्या-सावळ्या माणसावर असतो, आणि समाजवाद्यांनी त्यालाही विरोध केला पाहिजे. पण लंडनच्या फलकावर नाव वाचून कोणाचे भाऊबंद सहसा कोयते घेऊन निघत नाहीत.

मग भारताच्या वकिलातीत विवाह करावा म्हटले तर १९६९ चा परदेशी विवाह कायदा आहे. दोघांपैकी एक भारतीय नागरिक असला की वकिलातीतील विवाह अधिकारी विवाह लावू शकतो. मात्र तेथेही ३० दिवसांचे वास्तव्य, तेथेही नोटीस, तेथेही ३० दिवसांची हरकत; आणि नोटीस वकिलातीच्या भिंतीवर लावून भागत नाही, ती भारतातही प्रसिद्ध करावी असे सातवे कलम म्हणते. म्हणजे सात समुद्र ओलांडले तरी जळगावचा फलक पाठ सोडीत नाही. म्हणूनच जाणती जोडपी वकिलातीची पायरी टाळतात, त्या देशाच्या कायद्याने विवाह करतात आणि मग १९६९ च्याच कायद्याच्या सतराव्या कलमाखाली त्याची नोंद करून घेतात. ही नोंद पुढे उपयोगी पडते. परदेशी जोडीदाराला भारतात दीर्घकाळ राहण्याची सवलत मागायची तर विवाह नोंदलेला आणि २ वर्षे टिकलेला असावा लागतो, आणि विवाहाच्या आधारे नागरिकत्व मागायचे तर येथे ७ वर्षांचे वास्तव्य लागते.

येथेच या प्रश्नाचे वर्गीय स्वरूप उघडे पडते. ज्याच्या हाती पारपत्र आहे, विमानाच्या तिकिटाचे पैसे आहेत, तो आपल्या देशाच्या कायद्याला वळसा घालून सन्मानाने विवाहबद्ध होतो. केळीच्या बागेत मजुरीला जाणारी रावेर-यावलची मुलगी, धुळ्याच्या पॉवरलूमवर काम करणारा तरुण यांना डेन्मार्क नाही. त्यांना जिल्ह्याच्या ठिकाणी दोनदा-तीनदा खेटे घालायचे, प्रत्येक खेपेला रोज बुडवायचा, आणि ३० दिवस कोठे लपून राहायचे याची चिंता करायची. घटनेने दिलेले स्वातंत्र्य एकच. पण एकाला ते परकीय चलनात विकत मिळते आणि दुसऱ्याला आपल्या गावात उधारही मिळत नाही.

नोटिशीचे समर्थक म्हणतात, यामुळे फसवणूक थांबते, पहिली बायको असलेला पुरुष पकडला जातो. हा युक्तिवाद ऐकायला बरा. पण दुसरेपणाचे लग्न हा हिंदू विवाह कायद्याखालीही अपराध आहे, आणि नव्या भारतीय न्याय संहितेच्या ८२ व्या कलमाखाली त्याला शिक्षा आहे. तरी त्या विवाहांना नोटीस नाही. मग फसवणुकीची भीती फक्त भिन्नजातीय, भिन्नधर्मीय किंवा परदेशी जोडप्यांच्या बाबतीतच का उफाळून येते? परदेशस्थ नवऱ्यांनी टाकून दिलेल्या मुलींचे दुःख खरे आहे, फार खरे आहे. २०२४ मध्ये विधी आयोगाने आपला २८७ वा अहवाल त्याच विषयावर दिला. पण त्या मुलींची लग्ने वाजतगाजत, जातीत, पत्रिका पाहून आणि हुंडा मोजून लागलेली असतात. त्यावरचा उपाय विवाहानंतरची सक्तीची नोंदणी आणि परदेशात बजावता येणारे पोटगीचे हुकूम हा आहे. फलकावरच्या कागदाने त्यांतील एकीचेही रक्षण होत नाही.

दुसरा युक्तिवाद मालमत्तेचा. ‘असे लग्न केले तर वारसा जातो’ ही खानदेशातील शेतकरी कुटुंबांत मुलांना घातली जाणारी नेहमीची भीती. ती खोटी आहे. १९७६ च्या दुरुस्तीनंतर दोघेही हिंदू, बौद्ध, शीख वा जैन असतील तर विशेष विवाहामुळे एकत्र कुटुंबाशी असलेला संबंध तुटत नाही. जोडीदार अन्य धर्माचा किंवा परदेशी ख्रिस्ती असेल तर मुलगा एकत्र कुटुंबातून विभक्त झाला असे कायदा मानतो. पण विभक्त होणे म्हणजे हिस्सा गमावणे नव्हे. सातबाऱ्यावरचा त्याचा हक्क राहतो. ही माहिती गावोगाव पोचविणे हे कार्यकर्त्यांचे साधे काम आहे आणि ते फारसे झालेले नाही.

हा सारा प्रश्न कागदी वाटत असेल तर २०२५ सालचा जळगाव जिल्हा आठवावा. जानेवारीत जळगाव शहराच्या पिंप्राळा हुडको भागात, काही वर्षांपूर्वी प्रेमविवाह केलेल्या तरुणाची हत्या झाली आणि पत्नीच्या माहेरच्या माणसांवर गुन्हा दाखल झाला. एप्रिलमध्ये चोपड्यात हळदीच्या कार्यक्रमात निमलष्करी दलातून निवृत्त झालेल्या पित्याने आपल्या मुलीवर आणि जावयावर गोळ्या झाडल्या. मुलगी मरण पावली. ही मनोवृत्ती जेथे वावरते, तेथे सरकार मुलीचा पत्ता भिंतीवर लावते! याच जळगाव जिल्ह्यात २०११ च्या जनगणनेत ० ते ६ वयोगटात हजार मुलांमागे मुलींची संख्या ८४२ होती. मुलींना जन्माला येऊ द्यायचे नाही, आल्या तर त्यांनी कोणाशी लग्न करायचे ते पंचांनी ठरवायचे, आणि मुलाला मुलगी मिळत नाही म्हणून वधू-वर मेळावे भरवायचे. आपल्या ज्ञातीची प्रगती असे नाव या व्यवहाराला दिले जाते. सातपुड्यातील भिल्ल-पावरा समाजाला मागास म्हणण्याची शहरी सवय आहे; तेथे मुलगा-मुलगी पळून गेली तर बहुधा पंच बसतात, देज ठरवितात आणि जोडप्याला घरात घेतात. देज ही प्रथा आदर्श नव्हेच. पण कोयता आणि पिस्तूल यांच्यापेक्षा ती निश्चितच सुसंस्कृत आहे.

राज्य शासनाचे वर्तन तर केवळ बुचकळ्यात टाकणारे आहे. १९५८ पासून महाराष्ट्रात आंतरजातीय विवाहाला उत्तेजन देणारी योजना आहे. २०१० पासून अशा जोडप्यास ५०,००० रुपये दिले जातात. उत्तेजन द्यायचे आणि त्याच जोडप्याची नावे भिंतीवरही लावायची! पुढे १३ डिसेंबर २०२२ रोजी शासनाने आंतरजातीय आणि आंतरधर्मीय विवाहांची माहिती घेण्यासाठी समन्वय समिती नेमली. टीका झाल्यावर त्यातून आंतरजातीय हा शब्द गाळला, आंतरधर्मीय ठेवला. फेब्रुवारी २०२५ मध्ये ‘लव्ह जिहाद’विरोधी कायद्याचा विचार करण्यासाठी पोलीस महासंचालकांच्या अध्यक्षतेखाली आणखी एक समिती नेमली. प्रत्येक जिल्ह्यात अशा जोडप्यांसाठी विशेष पोलीस कक्ष असावा, सुरक्षित निवाऱ्याची सोय करावी, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये ‘शक्ती वाहिनी’ खटल्यात बजावले होते. तरुणांवर पाळत ठेवण्याच्या बाबतीत शासन चपळ असते, संरक्षण देण्याच्या बाबतीत त्याला न्यायालयाने ढकलावे लागते.

न्यायालयांनी थोडी वाट मोकळी केली आहे. नोटीस अर्जदारांच्या घरी पाठवू नये असे दिल्ली उच्च न्यायालयाने २००९ मध्ये सांगितले. जानेवारी २०२१ मध्ये अलाहाबाद उच्च न्यायालयाने तर नोटीस प्रसिद्ध करावी की नाही, हे विवाहेच्छूंनी ठरवावे, असा निर्णय दिला. केरळ सरकारने जुलै २०२० मध्ये संकेतस्थळावर नोटिसा टाकणे बंद केले, कारण त्या उतरवून घेऊन जोडप्यांची नावे पसरविली जात होती. महाराष्ट्र शासनाला यातले काहीच अनुकरणीय वाटू नये? फुल्यांनी १८७३ मध्ये सत्यशोधक समाज स्थापून पुरोहिताविना विवाह लावून दाखविले त्या महाराष्ट्राला?

त्या सत्यशोधक चळवळीच्या अभ्यासासाठी अमेरिकेतील मिनियापोलिसची एक विद्यार्थिनी येथे आली आणि येथलीच झाली. गेल ऑम्वेट आणि भारत पाटणकर यांनी १९७६ मध्ये विवाह केला. सांगली जिल्ह्यातील कासेगाव हे त्यांचे घर झाले, १९८३ मध्ये त्यांनी भारताचे नागरिकत्व घेतले आणि २०२१ मध्ये तेथेच त्यांचे निधन झाले. परदेशी जोडीदार म्हणजे मूल हातचे गेले असे ज्यांना वाटते, त्यांनी कष्टकऱ्यांच्या चळवळीत गेलेले हे आयुष्य डोळ्यांपुढे आणावे. अमळनेरच्या शाळेत शिकविणाऱ्या साने गुरुजींनी आंतरभारतीचे स्वप्न पाहिले, त्यांच्या नावाने खानदेशात व्याख्यानमाला होतात. त्या व्याख्यानांना जाणाऱ्यांच्या घरची लग्नपत्रिका मात्र पोटजातीच्या कुंपणाबाहेर जात नाही.

चळवळीतील माणसांनाही यातून वगळता येणार नाही. भाषणात जातिनिर्मूलन आणि मुलाच्या लग्नात मानपान, हा विसंवाद खानदेशातील जनतेला स्पष्ट दिसतो. कार्यकर्त्यांच्या घरांतील किती विवाह विशेष विवाह कायद्याखाली झाले, याची मोजदाद प्रत्येक तालुका शाखेने स्वतःशी करावी.

मागणी स्पष्ट असली पाहिजे. १९५४ आणि १९६९ या दोन्ही कायद्यांतील नोटिशीची प्रसिद्धी आणि ‘कोणीही’ घेऊ शकेल अशी हरकत संसदेने रद्द करावी. अटींची तपासणी अधिकाऱ्याने कागदपत्रांवरून आणि शपथपत्रावरून करावी, आणि खोटे शपथपत्र करणाऱ्याला शिक्षा व्हावी. संसद हलेपर्यंत राज्याने निदान नोटीस गावाकडे धाडण्याच्या पद्धतीवर अंकुश ठेवावा आणि तालुक्याच्या ठिकाणी विवाह अधिकारी नेमावेत, म्हणजे साक्री किंवा मुक्ताईनगरच्या मजुराला रोज बुडवून जिल्ह्याला जावे लागणार नाही. परदेशी जोडीदार असेल तेव्हा विवाह अधिकारी वकिलातीचा ना-हरकत दाखला मागतात. कायद्याच्या चौथ्या कलमात त्याचा मागमूसही नाही, तेव्हा तो कोणत्या आधारे मागितला जातो हे लेखी विचारावे.

आणि कायदा बदलेपर्यंत जळगाव व धुळे येथील शाखांनी एक काम उद्यापासून करावे. विवाहाच्या दिवशी तीन साक्षीदार लागतात. ज्यांचे नातेवाईक पाठ फिरवितात त्यांना ते मिळत नाहीत. विवाह अधिकाऱ्याच्या कार्यालयात सही करायला येतील, नोटिशीच्या ३० दिवसांत जोडप्याला घरात ठेवून घेतील आणि प्रसंग पडल्यास त्यांच्याबरोबर पोलीस ठाण्यात जातील, अशा कार्यकर्त्यांची यादी दूरध्वनी क्रमांकांसह शाखा कार्यालयाच्या फलकावर लावावी. त्या यादीतल्या नावांवर ज्यांना हरकत घ्यायची असेल त्यांनी ती खुशाल घ्यावी.